ओढा किती वाहतो?

'जंगल तुटले की ओढे आटतात.' हे वाक्य आपण सारेच वर्गात सांगत आलो आहोत. ते पर्यावरणाच्या धड्यात असते, वनमहोत्सवाच्या भाषणात असते, गावातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यातही असते. अशा वेळी आठवी-नववीतला एखादा मुलगा उठून विचारतो, 'सर, हे कोणी मोजले?' झाडांची मुळे पाणी धरून ठेवतात, हे उत्तर आपल्याकडे तयार असते. पण ते कारण झाले, मोजमाप नव्हे. आधी किती पाणी होते, नंतर किती उरले, कशाने मोजले आणि किती वर्षे मोजले, असे त्याने पुढे विचारले तर मात्र आपली पंचाईत होते.

या प्रश्नाचे उत्तर शोधले गेले आहे. ते शोधायला अडीचशे वर्षांहून अधिक काळ लागला आणि ते कुठल्या महानदीवर नव्हे, तर आपल्या शाळेमागून वाहणाऱ्या ओढ्याएवढ्या प्रवाहांवर मिळाले. उत्तर पूर्णपणे आपल्या अपेक्षेसारखे नाही, म्हणूनच त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

प्रथम एक घोळ दूर करू. 'ओढ्याला किती पाणी आहे?' असे विचारले की कोणी म्हणतो गुडघाभर, कोणी म्हणतो कमरेएवढे. ही झाली पातळी. पातळी मोजणे सोपे. एक खुणा केलेला खांब रोवला की झाले. कैरोजवळच्या रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्ये बांधलेला नीलमापक हा असाच एक खुणांचा स्तंभ आहे. नाईल किती चढली यावरून पीक कसे येणार आणि सारा किती बसवायचा, याचा अंदाज तिथे शतकानुशतके बांधला जाई. त्या कामाला पातळी पुरेशी होती. पण गुडघाभर पाणी डोहात असेल तर ते जागचे हलत नाही आणि उतारावर असेल तर माणसाला उभे राहू देत नाही. एका सेकंदात किती लिटर पाणी पुढे गेले, हा प्रश्न वेगळा आहे. त्याला आपण विसर्ग म्हणतो.

पातळी आणि विसर्ग यांतला हा फरक आज सोपा वाटतो, पण भल्याभल्यांना तो चकवा देऊन गेला. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झालेल्या फ्राँटिनसने शहराच्या सगळ्या नळांचे हिशेब तपासले. पण हिशेब नळाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा होता. पाणी वेगाने येते तेव्हा त्याच तोंडातून अधिक पाणी येते हे त्याच्या लक्षात आले होते, तरी वेग मोजून गुणाकारात घ्यायचे त्याला जमले नाही. त्याच शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने मात्र झऱ्याचे पाणी मोजण्याची रीत अचूक सांगितली आहे. प्रवाहाची रुंदी-खोली घेऊन भागणार नाही, वेगही हवा. म्हणून झऱ्याखाली एक टाके खणा, सूर्यघड्याळाच्या ठरावीक काळात त्यात किती पाणी साठते ते पाहा, असे तो म्हणतो. आज आपण बादली आणि घड्याळ घेऊन करतो ते हेच. हेरॉनचे म्हणणे पुढे जवळजवळ पंधराशे वर्षे कोणी मनावर घेतलेले दिसत नाही.

नुसत्या तोंडाच्या मापाने पाणी सांगण्याची सवय आपल्याकडून तरी कुठे गेली आहे? बोअर घेतली की 'दोन इंच पाणी लागले' असे आपण ऐकतो. हे इंच पाइपाचे की खाचेवरून पडणाऱ्या धारेचे, हे बऱ्याच वेळा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

१६२८ मध्ये गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने वाहत्या पाण्याच्या मापनावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि हा गुंता सोडवला. प्रवाहाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे विसर्ग. नदी अरुंद जागी वेगाने वाहते, रुंद जागी संथ होते. गुणाकार तोच राहतो. पाचवीच्या मुलाला कळेल असे हे सूत्र आहे आणि शाळेजवळच्या ओढ्यावर तासाभरात करून पाहता येते. समजा ओढा १.२ मीटर रुंद आहे आणि काठीने चार-पाच ठिकाणी घेतलेल्या खोलीची सरासरी १५ सेंटिमीटर येते. छेदाचे क्षेत्रफळ झाले ०.१८ चौरस मीटर. संत्र्याच्या सालीचा तुकडा सोडला आणि त्याला ५ मीटर जायला २० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर. तळाशी आणि काठाशी पाणी घासत जाते म्हणून तिथे वेग कमी असतो, यासाठी ०.८५ ने गुणतात. उत्तर येते सेकंदाला सुमारे ३८ लिटर. मुलांना पुढचा गुणाकार जरूर करायला सांगावा: दिवसाला ३३ लाख लिटर! उडी मारून ओलांडता येईल अशा ओढ्याचे हे पाणी आहे.

सूत्र हाती आले तरी ते कुठल्या प्रश्नाला लावायचे, हे सुचायला आणखी अर्धे शतक जावे लागले. तो प्रश्न विचारणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. पिएर पेरो हा पॅरिसमधला सरकारी वसुलीचा अधिकारी. सरकारी पैशातून सावकारांची देणी भागवल्यामुळे १६६४ मध्ये त्याची नोकरी गेली. त्याचे दोन भाऊ त्याच्याहून प्रसिद्ध आहेत: एक क्लोद, वास्तुशिल्पी, आणि दुसरा शार्ल, ज्याने सिंड्रेलाची गोष्ट लिहिली. नोकरी गेलेल्या पिएरने १६७४ मध्ये झऱ्यांच्या उगमावर एक पुस्तक छापले, तेही स्वतःचे नाव न घालता.

तेव्हा विद्वानांचा समज असा होता की नद्यांचे पाणी पावसाचे असूच शकत नाही. पाऊस पडतो चार दिवस आणि नदी वाहते बारा महिने. मग एवढे पाणी आणायचे कुठून? ॲरिस्टॉटलने सांगितले होते की पृथ्वीच्या पोटातल्या गार पोकळ्यांत हवेचे पाणी होते. अथानासिउस किर्शर या विद्वान पाद्र्याने १६६५ मध्ये छापलेल्या भव्य ग्रंथात तर समुद्राचे पाणी भुयारांतून डोंगरांच्या पोटात चढते, अशी चित्रेच काढली आहेत. यांपैकी कोणी पाऊस आणि नदी यांचा हिशेब समोरासमोर मांडला नव्हता.

पाऊस मोजणे ही काही नवी गोष्ट नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापुढे हातभर रुंदीचे भांडे ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे आणि प्रदेशाप्रदेशांचे आकडेही दिले आहेत. त्यांत अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा पाऊस 'अमित' म्हणून सोडून दिला आहे! पेरोने केलेली नवी गोष्ट इतकीच, की त्याने त्याच जमिनीवरचा पाऊस आणि त्याच जमिनीतून निघणारे पाणी एकाच मापात आणले.

त्याने सेन नदीचा उगमाकडचा तुकडा घेतला. पॅरिसजवळची सेन त्याला नको होती. तिला अनेक उपनद्या मिळतात आणि हिशेब हाताबाहेर जातो. उगमाशी सेन म्हणजे एक ओढाच. तीन लीग लांब आणि दोन लीग रुंद एवढ्या जमिनीचे पाणी त्या तुकड्यात उतरते, असे त्याने धरले. तीन वर्षांच्या पावसाची सरासरी वर्षाला सुमारे १९ इंच होती. दोहोंचा गुणाकार झाला २२,४८,९९,९४२ म्यूई. म्यूई हे त्या वेळचे पिंपाचे माप. आता नदी. हिचा विसर्ग त्याने मोजला नाही, अंदाजाने घेतला. व्हर्सायजवळच्या गोबलँ नावाच्या छोट्या नदीचे पाणी ५० 'इंच' असल्याचे मोजलेले होते. हा इंच म्हणजे ठरावीक भोकातून पडणाऱ्या पाण्याचे माप, दिवसाला ८३ म्यूई. सेनचा हा तुकडा गोबलँच्या २४ पट दिसतो म्हणून १,२०० इंच. वर्षाचे किती? १,२०० गुणिले ८३ गुणिले ३६६, म्हणजे ३,६४,५३,६०० म्यूई. हा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा; पेरोने वर्ष ३६६ दिवसांचे धरले आहे, हे कोण पकडते ते पाहावे.

पाऊस नदीच्या सहापट निघाला. पावसाचे पाणी नदीला पुरत नाही असे दोन हजार वर्षे म्हटले जात होते, आणि इथे तर पाच भाग उरत होते. पेरोच्या आकड्यांत नऊ अंकांपर्यंतची जी नेमकेपणाची ऐट आहे तिला काही अर्थ नाही. 'चोवीस पट दिसतो' या डोळ्याच्या अंदाजावर ती उभी आहे. पण फरक सहापटीचा होता. अंदाज दुप्पट चुकला असता तरी निकाल बदलला नसता. ढोबळ मोजमाप कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही. विशेष म्हणजे पावसाचे पाणी खोल मुरून झरे होतात, हे खुद्द पेरोला पटत नव्हते. हिशेब मात्र त्याच्या मतापेक्षा टिकाऊ ठरला. त्याच सुमारास एड्म मारिओतने पॅरिसमध्ये पुलाजवळ मेणाचा गोळा सोडून सेनचा वेग मोजला आणि पेरोचा निष्कर्ष मोठ्या नदीवरही ताडून पाहिला. पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरात झिरपणारे पाणी पावसाबरोबर वाढते-कमी होते, हेही त्याने दाखवून दिले. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६८६ मध्ये आले.

उरलेले पाच भाग कुठे गेले? काही उडून गेले, काही झाडांनी प्यायले. आपल्या मूळ प्रश्नाची जागा नेमकी ही आहे, पण तिथे पोचायला सहापटीचा नव्हे, तर शेकडा दहा-वीस टक्क्यांचा फरक ओळखणारे साधन हवे होते.

ते साधन म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच. बेलफास्टचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक जेम्स थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या विल्यम थॉमसन यांचे थोरले बंधू, यांनी १८५८ आणि १८६१ मध्ये यावरचे प्रयोग ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडले. ओढ्यात आडवी फळी घालून तिच्यावरून पाणी पडू दिले तर फळीवरच्या पाण्याच्या उंचीवरून विसर्ग काढता येतो, हे आधीच ठाऊक होते. अडचण उन्हाळ्यात यायची. रुंद फळीवर पाण्याचा कागदाएवढा पातळ पापुद्रा पसरतो आणि त्याची उंची मोजता येत नाही. व्ही-खाचेत थोडेसे पाणीही टोकाशी गोळा होते, म्हणून कमी विसर्गातला लहानसा बदलही दिसतो. खाचेचा कोन ९० अंशांचा असेल, तर टोकापासून ५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला पाऊण लिटर पाणी जाते, १० सेंटिमीटरला सुमारे साडेचार लिटर आणि २० सेंटिमीटरला सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून थोडे अधिक होते. वर उल्लेखिलेले बोअरचे 'दोन इंच' आणि 'चार इंच' खाचेवरचे असतील, तर त्यांतला फरक किती मोठा आहे हे आता लक्षात येईल.

या खाचेमुळे आणखी एक सोय झाली. एरवी पातळीवरून विसर्ग काढायचा तर त्या जागी वेगवेगळ्या पातळ्यांना वेग मोजून एक आलेख तयार करावा लागतो, आणि एका मोठ्या पुराने तळ खरवडला की तो आलेख रद्दीत जातो. पक्क्या बांधातली खाच बदलत नाही. शेजारी एक लहान विहीर, तीत तरंगणारा डबा, डब्याला दोरीने जोडलेली लेखणी आणि घड्याळाने फिरणारा कागदी दंडगोल: एवढ्यावर माणूस नसतानाही पातळीची अखंड रेघ मिळू लागली. आता दंडगोलाच्या जागी दाब मोजणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आले आहे, तत्त्व तेच आहे.

आता जंगलाकडे वळू. जंगल तोडल्याने पाणी आटते, हा विचार एकोणिसाव्या शतकात जगभर जोरात होता. व्हेनेझुएलातल्या व्हॅलेन्सिया सरोवराची पातळी घटलेली पाहून हुम्बोल्टने १८०० मध्ये त्याचा दोष जंगलतोडीला दिला होता. आपल्याकडे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून १८४७ मध्ये नेमलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन हेही याच मताचे होते. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख होते, आणि कोकणातल्या डोंगरांवरची तोड थांबवावी म्हणून त्यांनी सरकारकडे आग्रह धरला. पुढे झालेल्या वनकायद्यांमागे पाण्याचा हा युक्तिवाद वारंवार दिसतो. स्वित्झर्लंडने पुरांना कंटाळून १८७६ मध्ये डोंगरी जंगलांसाठी कायदा केला. अमेरिकेत १९११ च्या वीक्स कायद्याने नद्यांच्या उगमाकडची जंगले सरकारने विकत घ्यायचे ठरले. जंगले वाचली हे चांगलेच झाले. पण तोवर एकाही ओढ्यावर याची नीट मोजणी पुरी झालेली नव्हती.

पहिला गंभीर प्रयत्न स्विस वनखात्याच्या संशोधकांचा. एमेन्टाल भागात त्यांनी दोन शेजारचे ओढे निवडले, प्रत्येकाचे पाणलोट क्षेत्र अर्ध्या चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. स्पेर्बेलग्राबेन जवळजवळ पूर्ण जंगलाचा. रापेनग्राबेनमध्ये एक-तृतीयांश जंगल, बाकी कुरणे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मोजणी सुरू झाली आणि १९१९ मध्ये मोठा अहवाल आला. जोरदार सरीने येणारा पूर जंगलाच्या ओढ्यात कमी चढतो, हे दिसले. दिवसेंदिवस पाऊस लागून माती आधीच तुडुंब भिजलेली असली, तर मात्र जंगलालाही पूर फारसा आवरता येत नाही, हेही दिसले. आणि वर्षभराचे एकूण पाणी? ते जंगलाच्या ओढ्यात कमी होते.

यावर आक्षेप सरळ होता. दोन ओढे मुळातच वेगळे असणार. फरक जंगलाचाच कशावरून? वर्गात दोन कुंड्यांचा प्रयोग करताना मुले हीच शंका काढतात. तिचे उत्तर कोलोरॅडोच्या पहाडांत वॅगन व्हील गॅप येथे निघाले. १९१० पासून दोन शेजारचे ओढे मोजायला घेतले, दोन्हींवर जंगल जसेच्या तसे. नऊ वर्षे कशालाही हात लावला नाही. पहिल्या ओढ्याचा आकडा पाहून दुसऱ्याचा सांगता येईल, इतकी त्यांची ओळख झाल्यावर १९१९ मध्ये एकाचे जंगल तोडले आणि १९२६ पर्यंत मोजत राहिले. आता तुलना दोन ओढ्यांची नव्हती. तोडलेला ओढा तोडला नसता तर किती वाहिला असता, या आकड्याशी होती. अशा जोडीला आपण जुळी पाणलोट क्षेत्रे म्हणू. १९२८ मध्ये निकाल छापला गेला: जंगल तोडल्यावर ओढ्याचे पाणी आटले नाही, वर्षाला सरासरी सुमारे एक इंचाने वाढले.

हा बर्फाळ प्रदेशातला, मुख्यतः वितळत्या बर्फावर चालणारा ओढा होता. पावसाळी मुलुखाला त्याचा निकाल लावणे धाडसाचे ठरले असते. पण नॉर्थ कॅरोलिनातल्या कोवीटा येथे १९३४ पासून याच पद्धतीने अनेक ओढे बांधून घेतले गेले आणि तिथे पाऊस भरपूर आहे. तिथल्या एका ओढ्याचे जंगल १९३९-४० मध्ये तोडून जागेवरच पडू दिले. पहिल्या वर्षी ओढ्यात सुमारे ३६ सेंटिमीटर उंचीचे पाणी जास्त आले. झाडोरा पुन्हा वाढू दिला तसतशी ही वाढ ओसरत गेली. १९६२ च्या सुमारास तेच जंगल पुन्हा तोडले, आणि पुन्हा जवळजवळ तेवढीच वाढ मिळाली. निसर्गातला प्रयोग असा दुसऱ्यांदा करून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. १९८२ मध्ये बॉश आणि ह्यूलेट यांनी जगभरातल्या अशा ९४ प्रयोगांचा आढावा घेतला. सूचिपर्णी किंवा निलगिरीचे आच्छादन १० टक्क्यांनी घटले तर वर्षाच्या पाण्यात सुमारे ४० मिलिमीटर वाढ होते. पानझडी वृक्षांच्या बाबतीत सुमारे २५ आणि झुडपांच्या बाबतीत १० मिलिमीटर.

कारण अवघड नाही. झाड खोलवरचे पाणी ओढून पानांतून बाहेर टाकते. शिवाय पावसाचे काही पाणी पानांवरच अडते आणि तिथूनच उडून जाते. पेरोच्या हिशेबातल्या गायब पाच भागांतला एक मोठा वाटेकरी असा सापडला.

या प्रयोगांतले आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखे काम न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूकचे. तिथला खडक पाणी खोल जाऊ देत नाही, म्हणजे आत आलेले पाणी ओढ्यातूनच बाहेर पडणार. बोरमन आणि लायकन्स या दोघांच्या मनात १९६३ च्या सुमारास आले की पाणी मोजतोच आहोत, तर त्यात काय विरघळले आहे तेही मोजू. विसर्ग गुणिले विरघळलेला पदार्थ म्हणजे जंगलाने गमावलेल्या मालाचा हिशेब. १९६५ च्या हिवाळ्यात सुमारे १५ हेक्टरच्या एका पाणलोटावरची सगळी झाडे पाडली आणि पुढे काही वर्षे तणनाशक मारून काही उगवू दिले नाही. पहिल्या वर्षी पाणी ३९ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या वर्षी २८ टक्क्यांनी. पण त्या वाढलेल्या पाण्यातले नायट्रेट चाळीसपटींहून अधिक झाले, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेले. जमिनीचा कस ओढ्याने वाहून चालला होता. याच नोंदी ठेवताना तिथला पाऊस आम्ल असल्याचे आढळले आणि उत्तर अमेरिकेतल्या आम्लपर्जन्याच्या अभ्यासाला तोंड फुटले. पण तो विषय निराळ्या लेखाचा आहे.

भारतात हा प्रयोग उटीजवळ ग्लेनमॉर्गन येथे झाला. आपण ज्या झाडाला निलगिरी म्हणतो ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. एकोणिसाव्या शतकात निलगिरी पर्वतावर आले आणि पर्वताचेच नाव घेऊन बसले. ते पाणी फार पिते की नाही, यावर १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या निमित्ताने मोठा वाद झाला, आपल्या महाराष्ट्रातही. वादात आवाज पुष्कळ होते, आकडे थोडे. ते थोडे आकडे उटीच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्राकडे होते. सुमारे ३२ हेक्टरांची दोन पाणलोट क्षेत्रे, दोन्हींवर तिथली नैसर्गिक गवताळ कुरणे आणि शोला जंगल. १९६८ पासून चार वर्षे ओळख करून घेतली, १९७२ मध्ये एकाच्या सुमारे ५९ टक्के भागावर निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांत त्या ओढ्याचे पाणी १६ टक्क्यांनी घटले. झाडे तोडून फुटव्यांपासून पुन्हा वाढवली, तेव्हा दुसऱ्या दहा वर्षांत घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. घट उन्हाळी वाहण्यातही होती, आणि त्या पाण्यावर खाली जलविद्युत केंद्रे चालतात. एवढ्याने निलगिरी सर्वत्र वाईट ठरत नाही. कुरणाच्या जागी निलगिरी लावली तर तिथे काय होते, एवढेच हा ओढा सांगतो.

मग गावातले म्हातारे खोटे बोलतात काय? आमचे उत्तर नाही असे आहे, आणि ते देताना पुन्हा विसर्गाच्या आलेखाकडेच जावे लागते. वर सांगितलेल्या प्रयोगांत झाडे पाडली, पण बहुतेक ठिकाणी माती जपली. आपल्या डोंगरांवर तोडीनंतर गुरे येतात, वणवे येतात, रस्ते येतात. जमीन धोपटून टणक होते. पाऊस मुरण्याऐवजी वरून पळतो. अशा ओढ्याचे वर्षभराचे पाणी जंगलाच्या ओढ्याहून जास्त भरेलही, पण ते सगळे जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ होऊन निघून जाते आणि मार्चमध्ये पात्र कोरडे पडते. गोव्याच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात याच शतकात झालेल्या अभ्यासात नैसर्गिक जंगल, उजाड झालेले जंगल आणि ॲकेशियाची लागवड असे वेगवेगळे लहान ओढे मोजले गेले. उजाड जमिनीतून पावसाचे पाणी सर्वांत झटपट निघून गेले. जुन्या जंगलाच्या मातीत ते जास्त मुरले. म्हाताऱ्यांना आठवतो तो उन्हाळ्यातला ओढा. वर्षाची बेरीज करणारा संशोधक दुसऱ्याच ओढ्याबद्दल बोलत असतो. 'जंगल तुटले की ओढे आटतात' या वाक्याला म्हणूनच महिना जोडावा लागतो आणि तोडीनंतर मातीचे काय झाले तेही विचारावे लागते.

आपल्याकडे पाणलोट विकासाची कामे गावोगाव झाली. किती बंधारे, किती सलग समतल चर, किती रोपे यांचे फलक उभे राहिले. ओढ्यात व्ही-खाच बसवून कामाआधी दोन वर्षे आणि नंतर पाच वर्षे मोजले, असा फलक मात्र आमच्या पाहण्यात फारसा येत नाही. खरे तर हे काम शाळेच्या आवाक्यातले आहे. दिवाळीनंतर ओढा शांत झाला की लोखंडी पत्र्याला काटकोनी खाच पाडावी, कडा कानशीने धारदार कराव्यात, दोन्ही बाजूंना मातीचा बांध घालून पत्रा उभा करावा. खालून पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिकची ताडपत्री पुरावी. खाचेच्या टोकाच्या पातळीला शून्य धरून पट्टी मात्र खाचेतच लावू नये. मीटरभर वरच्या अंगाला लावावी, कारण खाचेजवळ पाण्याचा पृष्ठभाग वाकतो. विसर्गाचा तक्ता मुलांनीच करावा आणि बादलीने एकदा तपासून घ्यावा.

नोंद दिवसातून एकदा न घेता दोनदा घ्यावी, एक पहाटे आणि एक दुपारी उशिरा. काठाला झाडी असेल तर पाऊस नसतानाही दोन आकड्यांत काही मिलिमीटरांचा फरक सापडेल. दुपारी पाणी उतरलेले, पहाटे परत चढलेले. दिवसा झाडे पाणी ओढतात, रात्री थांबतात. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोवीटाच्या एका प्रयोगात एका ओढ्याच्या फक्त काठची झाडी काढली, तेव्हा दंडगोलावरची ही रोजची लाट सपाट झाली होती.